मनगटावरचा पट्टा

आगीवरून परतले की हेल्मेट काढायच्या आधी ते माझ्या खिडकीशी येत आणि म्हणत, “माका काय जावंक ना गो बाय.” विचारायच्या आधीच ‘बरा आहे’ म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अग्निशमन केंद्रात मी फोन आणि वायरलेस सांभाळायची. ते आमचे सर्वांत जुने जवान.

मग मनगटावरचे पट्टे आले. आगीत उतरलेल्याच्या काळजाचे ठोके ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचे. हेतू चांगलाच होता. पण पडदा लावला दारासमोर. चहा घेऊन येणाऱ्यालाही दिसे. एका सरावात त्यांच्या नावापुढे लाल खूण आली. कुणीतरी सहज फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या सकाळी पाव देता देता पोदेरानं त्यांना विचारलं, “काळजाचां कसां आसा आतां?”

ते थेट माझ्याकडे आले. ओठ सुकले होते. “पोदेराक कळ्ळां म्हणजे गावाक कळ्ळां. चेडवाचां लग्न ठरता आसा गो. आनी माका आता गाडयेर घेतीत?”

“बाब, मुलीचं लग्न, गाडीवरची ड्युटी नंतर बघू. आधी डॉक्टरकडे चला.”

“आनी दोतोराचो तो कागद खंय जातलो?”

ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत.

मये गावच्या डोंगरावर काजूच्या बागा पेटल्या, त्या दुपारी पडद्यावर सगळ्यांचे आकडे हलत होते. त्यांचा शून्य. मी वायरलेसवर हाका मारत राहिले. उत्तर नाही. शेवटी ड्रायव्हर बोलला, “पट्टो हांगा गाडयेच्या सिटीर पडलो आसा. ते वयर डोंगरार गेल्यात.” म्हणजे ते जिवंत आहेत की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते सापडले एका खडकाआड, छाती धरून बसलेले. शुद्ध होती. हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी पहिलं विचारलं, “हें कोणाकोणाक कळतलां?”

डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आत ते लहान मुलासारखे रडले, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

पडदा आता आतल्या खोलीत आहे. त्यांनी नोकरी सोडली. परवा मी पेडण्याला त्यांच्या घरी गेले, तेव्हा खिडकी लोटून घेऊन त्यांनी मला हळू आवाजात सगळं सांगितलं: काय निघालं, पुढे काय होऊ शकतं.

बाहेर पडले तर शेजारीण कुंपणाशी उभीच. “कितें म्हणटा गो दोतोर?”

“चाय बरी जाल्ली,” मी म्हटलं आणि स्कूटर सुरू केली.