दोन खोल्यांमधली जागा

खरं सांगतो, युसराचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. ती तेरखेड्याची, फटाके करणाऱ्या रसूलचाचांची पोरगी. मी उत्कर्ष, बेंबळीचा. धाराशिवातल्या आमच्या गेम स्टुडिओत तिच्याआधी दोन वर्षं लागलो. गेम ज्याच्यावर चालतो ते इंजिन आमचं आम्हीच लिहितो. त्यातली आग, धूर, स्फोट माझ्याकडं होते. ही बाई आली आणि तिलाही तेच काम दिलं.

गेम खेळायचा एक नवा कन्सोल बाजारात यायचा होता, पण चाचणीसाठी एक आमच्याकडं आला. त्याच्यावर माझी आतषबाजी सुरू झाली की चित्र अडखळायचं. तिची मात्र सुरळीत चालायची. स्टुडिओ चालवणाऱ्या आमच्या शिवकन्या मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी दोघांचं बघते, ज्याचं टिकेल तो टीमचा प्रमुख. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालची आलेली पोर माझी साहेब होणार व्हय?

तुझं सुरळीत कसं चालतं म्हणून तिला विचारलं, तर तिनं काहीच लपवलं न्हाय. रविवारी घरी ये म्हणाली. चाचांनी पोटभर जेवू घातलं, मग माळावरचा कारखाना दाखवला. लहान लहान खोल्या, एकेका खोलीत थोडाच माल, दोनच माणसं. सगळा माल एका जागी ठेवायचा न्हाय, चाचा म्हणाले. युसरानं इंजिनात तेच केलेलं. ठिणग्यांचे छोटे छोटे ढीग करून कन्सोलच्या वेगवेगळ्या भागांना वाटून दिलेले. इतकं सोपं, आणि मला सुचू नये! खोल्यांच्या मधी मात्र लई जागा रिकामी पडलेली. आमच्या बेंबळीत एवढ्या जागेत कुणी हरभरा पेरला असता.

परत आल्यावर तिची युक्ती सरळ उचलली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. तिनं ढिगांच्या मधी मेमरीत जागा मोकळी सोडली होती, ती मी काढून टाकली. म्हटलं, आपलं तिच्यापेक्षा जोरात पळेल.

शुक्रवारी आधी माझं लावलं. पाच मिनिटं असं पळालं की मी युसराकडं बघून हसलोसुद्धा. मग एक ढीग बिघडला, त्यानं शेजारचा बिघडवला, त्यानं पुढचा, आणि पडदा काळा झाला. मग तिचं लावलं, तिच्यातही एक ढीग बिघडला. तेवढाच विझला, बाकी तासभर चालत राहिले. मॅडमनी तिथंच तिचं नाव जाहीर केलं.

खाली चहा घेताना ती हळूच म्हणाली, "खोल्या बघितल्यास तू. मधली जागा न्हाय बघितलीस. शेजारच्या खोलीतल्या स्फोटात माझे काका गेले, तवापासून अब्बांनी ती सोडलीय."

मॅडमना तिनं माझ्या चोरीचं अवाक्षरही सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान चारचौघांत तिला नावं ठेवता आली असती. आता रोज सकाळी माझं काम तिला दाखवायला जातो. ती नीट बघते, चूक समजावून सांगते, आणि मी अजून जळतोच.