खोडायचं राहिलेलं एक वाक्य

रघुनाथ गुरुजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत दोन चपला होत्या आणि गुडघ्यापर्यंत चिखल होता. पानशेत धरणाच्या फुगवट्यापलीकडं, डोंगराच्या पायाशी आमची वाडी. पाण्याच्या अलीकडच्या हायस्कुलात नव्यानं आलेले हे मास्तर होडीतून उतरताना घसरले होते. मी हसले. त्यांनी रागावण्याऐवजी प्यायला पाणी मागितलं, आणि तांब्या तोंडाला लावायच्या आधीच विचारायला लागले, "हे पाणी कुठून आणता? किती खेपा होतात?" खिशातून वही काढून लिहायलाही लागले.

"मास्तर हाय का तलाठी?" मी म्हटलं.

"मास्तर आहे, वहिनी. वाडीतली पोरं शाळेत उशिरा का येतात ते बघायला आलोय."

"मग पानी प्या आदी. मोजनी मागनं करा."

गुरुजींना यंदा पंचाहत्तरावं वर्ष लागलं. त्यांचा गौरवग्रंथ निघतोय, तर तुम्हीही चार शब्द सांगा, म्हणून समितीच्या बाई होडीनं आमच्याकडं आल्या. मला अक्षर येत नाही. मी सांगते, बाई लिहितात आणि माझी भाषा जरा धुऊन घेतात. ग्रंथात मोठमोठ्या लोकांचे लेख आहेत असं कळलं. ते गुरुजींचं मोठेपण नीट सांगतील. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि तिला फार उशीर झालाय. विधान परिषदेच्या कामकाजात गुरुजींची माहिती खोटी होती, असं लिहून ठेवलेलं आहे. ते माझ्यामुळं लिहिलं गेलं.

गुरुजी मूळचे भोर तालुक्यातले, कामथडीच्या बाजूचे. नोकरी मात्र आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात केली. पुढं शिक्षकांनी त्यांना निवडून मुंबईला पाठवलं. आमदार झाले तरी वही सुटली नाही. प्रत्येक अधिवेशनाच्या आधी ते होडीनं यायचे, देवळापुढं घोंगडी टाकून बसायचे आणि बायकांना बोलतं करायचे. आम्ही सांगायचो, ते लिहायचे. लिहून झालं की सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "बरोबर आहे? काही खोडायचं?" एखादी म्हणाली, "तसं न्हवं गुरुजी, दोन डाव न्हाई, एकच डाव आलती नर्सबाई," की लगेच खोडायचे. अधिवेशन संपलं की मंत्र्यांचं उत्तर वाचून दाखवायला परत यायचे. उत्तर वाईट असलं तरी यायचे, आणि बहुतेकदा ते वाईटच असायचं. मतं मागायला येणारे मी पुष्कळ पाहिले. नकार वाचून दाखवायला पाण्यापलीकडं येणारे हेच.

एकदा निराधारांच्या पगारासाठी अंगठा यंत्रावर ठेवायची पद्धत निघाली. माझी बोटं भातलावणीनं झिजलेली. यंत्र म्हणालं, ही बाई नाहीच. मी गुरुजींना म्हटलं, "बरं झालं, आता मरायचं काम ऱ्हायलं न्हाई." ते हसले, पण ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं आणि सभागृहात जसंच्या तसं सांगितलं. सगळे हसले म्हणे. मग गुरुजी म्हणाले, "सभापती महोदय, ज्या हातांनी लावलेला भात आपण खातो ते हात शासनाला दिसत नाहीत, यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही." त्यानंतर दोन महिन्यांनी एक माणूस यंत्र घेऊन वाडीत आला. यंत्रानं मला पुन्हा जिवंत केलं.

आता लाँचचं सांगते.

आमच्या बाजूला दवाखाना नाही. पूर्वी एक लाँच पाण्यावरनं ये-जा करायची. तिचं इंजिन बिघडलं आणि ती काठावर पडून राहिली. तिच्यात आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या. शनिवार-रविवारी पुण्याच्या लोकांच्या मौजेच्या बोटी त्याच पाण्यावर फेऱ्या मारायच्या आणि आम्ही दुखणाईत माणूस घेऊन होडी वल्हवायचो. वारा असला की तेही नाही. गुरुजींनी शोधून काढलं की नव्या लाँचसाठी दोन वर्षं तरतूद होते आणि दोन्ही वर्षं मार्चअखेर अखर्चित म्हणून परत जाते. त्यांनी सभागृहात लक्षवेधी लावली. आमच्याच शब्दांत सगळं मांडलं. मंत्र्यांनी चौकशीचा शब्द दिला.

चौकशीला दोन साहेब येणार असं कळल्यावर वाडीत लगीनघाई सुरू झाली. साहेब म्हणजे पाहुणे. अंगणं सारवली, रांगोळ्या काढल्या, कोंबडा कापला. पोरांना लाज वाटली, म्हणून त्यांनी लाँचमधली घाण काढली, तिला घासून रंग दिला आणि नारळ फोडून झेंडूचा हार घातला. माझे मालक तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळलेले. पाहुण्यांपुढं ओसरीत खोकणारा माणूस बरा दिसत नाही, म्हणून मी त्यांची बाज उचलून गोठ्यात नेऊन ठेवायला लावली.

साहेब नारंगी जाकिटं घालून मौजेच्या बोटीतून आले. दहा मिनिटांत पाणी ओलांडून आले. जेवले. जेवण झाल्यावर त्यांतल्या एकानं मला विचारलं, "आजी, आजारी माणसांचे हाल होतात का इथं?"

बाया माझ्याकडं बघत होत्या. बोलणारी मीच असायची.

"न्हाई साहेब," मी म्हटलं, "तुमच्या किरपेनं समदं बरं हाय."

तेवढ्यात गोठ्यातनं खोकला आला.

"कोण खोकतंय?"

"रेडकू हाय, साहेब."

साहेब गेल्यावर मालकांनी मला हाक मारली. "रेडकू म्हनलीस व्हय मला?"

"मग काय बैल म्हनू?"

ते हसले आणि हसताना परत खोकले. मीही हसले. त्या दिवशी मला कळलंच नाही की मी काय करून बसले.

पुढच्या अधिवेशनानंतर गुरुजी आले. घोंगडी टाकली, बसले. नेहमीसारखं मंत्र्यांचं उत्तर वाचलं. लाँच सुस्थितीत आढळली. ग्रामस्थांची कोणतीही तक्रार नाही. माननीय सदस्यांनी दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नाही. सबब नव्या लाँचचा प्रस्ताव रद्द.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि सवयीनं विचारलं, "बरोबर आहे? काही खोडायचं?"

कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. माझी नजर घोंगडीच्या दशांवर होती. गुरुजींनी कागदाची घडी घालून वहीत ठेवली. मग मालकांची विचारपूस करून होडीत बसले.

मालक त्याच श्रावणात गेले. धाप लागली तेव्हा पाण्यावर वारा माजलेला, होडी घालता येईना. चौघांनी डोली करून डोंगरवाटेनं नेलं. खिंडीपर्यंत पोचले. तिथून डोली खाली न्यायची गरज उरली नाही.

दहाव्याला गुरुजी आले. मी त्यांना बाजूला बोलावलं. "गुरुजी, साहेबांम्होरं म्या खोटं बोलले. मालक गोठ्यात हुते."

"मला माहीत आहे, वहिनी. पोरांनी अधिवेशनाआधीच सांगितलं होतं."

"मग तितंच का न्हाई सांगितलं? मंत्र्याला?"

त्यांनी चष्मा पुसला. "पाहुण्याला जेवू घालून आपलं दुखणं त्याच्यापुढं मांडायचं नाही, हे माझ्याही आईनं मला शिकवलंय. आणि मी सभागृहात वाडी खोटं बोलली म्हणालो, तर उद्या तुम्ही खरं बोललात तरी कोण ऐकेल? माझी माहिती चुकली असं म्हणालो. एका माणसाचं चुकलं, संपलं."

संपलं नाही, ते मला मागाहून कळलं. त्यानंतर गुरुजी दवाखान्यांवर बोलायला उभे राहिले की समोरच्या बाकांवरनं कुणीतरी विचारायचं, "लाँच बघून आलात का?" शाळेच्या पोषण आहारावर बोलले, तरी तेच. त्यांच्या खऱ्या माहितीवरही हसायची सोय झाली. मुदत संपली आणि पुन्हा ते गेले नाहीत. निरोपाच्या भाषणातही त्यांनी आमच्या वाडीचं नाव घेतलं नाही. आमची अब्रू राखायला त्यांनी आपली घालवली. मी दोन वेळा म्हटलं, आता तरी मला सांगू द्या. दोन्ही वेळा म्हणाले, "कशाला वहिनी, तुमच्या दुःखात आणखी भर." समितीलाही त्यांनी बजावलंय म्हणे, की लाँचचा विषय ग्रंथात नको. बाई, त्यांनी बजावलं असलं तरी तुम्ही लिहा. आयुष्यभर त्यांनी माझं ऐकून लिहिलंय. मी त्यांचं एकदा नाही ऐकलं तर चालेल.

तर वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते. गुरुजी खरं बोलले होते. लाँच बंद होती. खोकत होता तो माझा नवरा होता. पाहुण्यांपुढं आब राखायला खोटं मी बोलले, आणि त्याची बोलणी एका सरळ माणसानं इतकी वर्षं खाल्ली.

गुरुजी, तुमचे गुडघे आता साथ देत नाहीत असं कळलं. तुम्हाला मोठं आयुष्य मिळावं, डोळे शेवटपर्यंत वाचायच्या कामाचे राहावेत, घरात कुणाचं दुखणं नसावं, हे मी रोज मागते. माझं मागणं अगदी निःस्वार्थी आहे असं समजू नका. लाँच अजून आलेली नाही. वाडीत आता म्हातारीच माणसं जास्त उरली आहेत, आणि पावसाळ्यात आम्ही एकमेकांचा खोकला ऐकत बसतो. हे वाचून एखादा साहेब पुन्हा विचारायला आला, तर मी त्याला चहा देईन, ते काही सुटायचं नाही. पण त्याची कपबशी रिकामी व्हायच्या आत सगळं सांगीन. ते ऐकायला तुम्ही असायला हवं. तेवढं जगा.