मट्टांचेरीच्या लॉजमधली चादर

समुद्रपूर तालुक्यात राहून समुद्र न पाहिलेली माणसं पोत्यानं सापडतील. देवकाबाई त्यांतलीच. गिरडच्या रस्त्यावरच्या आपल्या गावातून ती निघायची ती हिंगणघाटला, वर्ध्याला, नाहीतर कोणी आजारी असलं तर सेवाग्रामला. आणि मुक्काम करायचा तो नात्यातल्याच घरी. अनोळखी माणसाला भाडं देऊन अनोळखी गादीवर झोपायचं, हा प्रकार साठीला टेकेपर्यंत तिला ठाऊक नव्हता. लॉज म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं बस स्टँडमागची ती एकच इमारत यायची, जिच्यापुढून जाताना बायका पदर सारखा करतात.

बाई करारी. नवरा सदाशिवराव दोन शब्द बोलायचा तिथं ही वीस बोलायची, आणि वीसही कामाचे. गावच्या बायकांचा हळदीचा गट तिनंच उभा केला. फेब्रुवारीत हळद निघाली की तिच्याच अंगणात कढई चढायची. कोणी किती लाकूड आणायचं, कोणी शिजलेली हळद वाळवणीवर पसरायची, सगळं ती ठरवायची. आणि हेही तीच ठरवायची, की ज्या बाईला कावळा शिवला असेल तिनं त्या दिवसांत कढईकडं फिरकायचं नाही. हळद म्हणजे देवाचं काम. सून आचल बी.एस्सी. झालेली. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात तिनं विचारलं होतं, "आई, हळदीले कसं समजते?" देवकाबाईनं उत्तर दिलं नव्हतं. तिला सुचलं नाही म्हणून नव्हे. विचारण्यासारखा हा प्रश्नच नाही, असं तिचं मत होतं. आचलनंही मग वाद सोडला. त्या दिवसांत ती घरात बसून गटाच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवायची.

नागपूरच्या एका प्रदर्शनात कोचीच्या व्यापाऱ्याला ही हळद आवडली. मूळ कच्छचा माणूस, पण चार पिढ्या मट्टांचेरीच्या मसाला बाजारात गेलेल्या. तो म्हणाला, "हळकुंडं आणा, पावडर आणा, आणि जी बनवते त्या बाईला स्वतः येऊ द्या. पटलं तर तुमच्या सगळ्या गटाचा माल मी उचलतो." मधला दलाल जाणार, म्हणून बायकांनी देवकाबाईला अगदी नवरीसारखं निरोप देऊन गाडीत बसवलं. सोबत आचल, कारण पाट्या कोण वाचणार आणि इंग्रजी कोण बोलणार?

निघतानाच दोघींची जुंपली होती. आचलनं प्लास्टिकची झाकबंद पाकिटं आणून ठेवली होती.

"प्लास्टिकात हळदीले घाम सुटते," देवकाबाई म्हणाली. "कापडी थैलीच बरी."

"आई, तिकडची हवा दमट राह्यते."

"तुले काय ठाऊक? तू गेलती का तिकडं?"

"मंग तुमी कधी गेलत्या?"

"मी हळद करून राह्यली तवा तू पाळण्यातई नोती," देवकाबाई म्हणाली, आणि थैल्यांची तोंडं सुतळीनं आवळून मोकळी झाली.

एर्नाकुलमला उतरल्यावर खाडी ओलांडायला बोट. माल डोळ्यांपुढं पाहिजे, म्हणून देवकाबाईनं पिशवी आपल्या पायांशी ठेवली. बोटीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं हे वर्ध्याच्या माणसाला कोण सांगणार? तिनं आयुष्यात नाव पाहिली ती चित्रात.

लॉज बाजारातच होता, व्यापाऱ्याच्या मुनीमानं ठरवून दिलेला. खाली सुंठ-मिऱ्यांची गोदामं, वर अरुंद जिन्याच्या खोल्या, सगळीकडं खारट ओलसर वास. काउंटरमागं पाटी होती. आचलनं वाचून दाखवली: खोलीत स्वयंपाक करू नये, खोलीत माल ठेवू वा पसरू नये. "आपला कुठी माल हाये, आपला तं नमुना हाये," देवकाबाई म्हणाली. खोलीत जाऊन पिशवी उघडली, तर हळकुंडं वरच्या बाजूला होती म्हणून वाचली, पण पावडरीच्या थैल्या खालून भिजून लगदा झालेल्या.

आचल म्हणाली, "हळकुंडच दाखवू. सेठले सांगून देऊ, पावडर बोटीत भिजली."

"आन् मंग तो म्हणन, याहिले पावडर सांभाळता येत नाई, याहिचा माल काऊन घ्यावा? गावच्या बायांले मी काय तोंड दाखवू? पसरव. पंखा लाव. सकाळपर्यंत खडखडीत होते."

आमच्याकडं होतंही. वैशाखात ओला कपडा दोरीवर टाकून मागं वळेस्तोवर वाळतो. देवकाबाईनं पलंगावरची पांढरी चादर नीट ताणली, तिच्यावर हळद पसरली, पंखा पुरा सोडला, आणि दोघी खाली फरशीवर झोपल्या.

सकाळी उठून पाहतात तर वरवरची हळद उडालेली आणि खालची तशीच ओली. आरसा पिवळा, पडदा पिवळा, आचलच्या भुवया पिवळ्या. नवरीला लागते तेवढी हळद एका खोलीला लागली होती. आचलला हसू आलं, पण सासूचं तोंड पाहून तिनं ते गिळलं. दोघींनी ओल्या फडक्यानं भिंती पुसल्या. उरलेली दमट हळद देवकाबाईनं हातानं चुरून पुन्हा थैलीत भरली. राहता राहिली चादर. ती तिनं न्हाणीत नेली आणि साबण लावला.

आता हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे का देवकाबाईला ठाऊक नव्हतं? जन्म गेला तिचा त्यात. पण घरी त्याची फिकीर कोणाला? लाल झालेलं कापड काटेरी कुंपणावर टाकायचं, दुपारपर्यंत ऊन रंग पिऊन टाकतं. ती चादर पिळून खिडकीशी गेली. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेवाळलेली भिंत, आणि वर धुणं धुतलेल्या पाण्यासारखं आभाळ. ऊन नव्हतंच. चादर तिच्या हातात लालभडक, जागोजागी काळपट. देवकाबाईनं ती न्हाणीतल्या खिळ्यावर लटकवली आणि म्हणाली, "पाहू मंग."

एवढ्यात झाडायला लॉजवरची बाई आली. ओमना तिचं नाव. पन्नाशीची, ओल्या केसांचा अंबाडा, कपाळाला चंदनाची रेघ. ती बादली घ्यायला न्हाणीत गेली आणि तोंडावर हात ठेवून बाहेर आली. दोघींकडं पाहिलं, काहीतरी विचारलं. भाषा कळेना. ती तशीच जिना उतरून गेली.

मग खालून बोलावणं. काउंटरपाशी चार माणसं चहा पीत होती: दोन ट्रकवाले, एक गोदामाचा माणूस, आणि चौथा या दोघींना न्यायला आलेला व्यापाऱ्याचा मुनीम.

मॅनेजर म्हणाला, "अम्मा, ऊपर खून क्या है? किसको लगा? हमको पुलिस का झंझट नहीं चाहिए."

'हल्दी है' एवढे दोन शब्द. ते तिच्या ओठांवर आलेही होते. पण मॅनेजरच्या डोक्यामागं ती पाटी होती, आणि समोर मुनीम बशीत चहा ओतत होता. हळद म्हणावं तर ती चादरीवर कशी गेली हे सांगावं लागणार. भिजलेला नमुना परक्याच्या बिछान्यावर वाळवला, हे दुपारच्या आत सेठच्या कानी जाणार. देवकाबाईनं मागं पाहिलं. आचल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

"खून नहीं भाऊ," देवकाबाई म्हणाली. "बहू है ना मेरी. उसका महिना आ गया."

गावात जी गोष्ट ती बायकांतही आवाज खाली करून बोलायची, ती तिनं चार परक्या पुरुषांपुढं खणखणीत सांगितली. चौघांनी माना चहात घातल्या. ट्रकवाल्यांतला एक जरासा हसला. मॅनेजरनं ओमनाला त्यांच्या भाषेत काही सांगितलं. तिनं येऊन आचलचा दंड धरला आणि तिला हळूच वर नेलं. आचल गेली. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

मॅनेजरनं देवकाबाईला चहा दिला. तो तिनं अर्धा तसाच ठेवला. मुनीम म्हणाला, "आराम से आइए मांजी, घर की बात है." हा माणूस एवढं चांगलं बोलला, हेच तिला जास्त लागलं.

ती वर गेली तेव्हा पलंगावर कोरी चादर होती आणि न्हाणीतला खिळा रिकामा. लाल चादर ओमनानं स्वतः धुवायला नेली होती. आचल स्टुलावर बसलेली, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी, हातात बिनदुधाच्या चहाचा ग्लास. शेजारी कागदात गुंडाळलेलं काहीतरी. ते काय असणार हे देवकाबाईला कळलं. तिनं नजर वळवली.

"चाल, मुनीम थांबला हाये," ती म्हणाली. "थैली घे."

"मी कशी घेऊ?" आचल म्हणाली. "मी बाहेरची आहो नं."

"आता गंमत नको करू, आचल."

"गंमत मी नाई केली."

थैल्या देवकाबाईनंच उचलल्या. बाजारातून जाताना आचल चार पावलं मागून चालत होती. घरी त्या दिवसांत चालते, तशीच.

सेठची पेढी म्हणजे उंच छताचं जुनं गोदाम. आचल दारातल्या बाकावरच बसली. "बेटी, अंदर आओ," सेठ म्हणाला, तर तिनं नुसती मान हलवली. मुनीम सेठच्या कानाशी लागला. सेठनं "अच्छा, अच्छा" म्हणून विषय टाळला. देवकाबाईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हळदीबद्दलचं काय काय, तपासणीचे आकडे, पाकिटांची योजना, सगळं आचल सांगणार होती. आता देवकाबाई एकटी आपल्या मोडक्या हिंदीत "अच्छी है, हमारे हाथ की है" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तरी हळकुंडानं तिची लाज राखली. सेठनं एक कडकन मोडलं, आतला केशरी गाभा उजेडात धरला, वास घेतला. खूश झाला. मग त्यानं पावडरीची थैली ओढली, कागदावर थोडी काढली, चिमूट उचलली आणि जिभेकडं नेली.

"नको सेठ," देवकाबाई म्हणाली.

सेठचा हात तसाच राहिला.

"मत खाओ. गीली हो गई थी. मैंने लॉज के पलंग पे सुखाई." आणि मग तिला थांबताच येईना. बोट, थैली, पंखा, साबण, सगळं ती सांगत गेली. "इसको कुछ नहीं हुआ," तिनं दाराकडं हात केला. "वो मैं झूठ बोली."

मुनीम टेबलावरचा धूळ नसलेला कोपरा पुसू लागला. सेठनं चिमूट परत थैलीत टाकली, सुतळी बांधली आणि थैली बोटानं तिच्याकडं सरकवली.

"हळकुंड आपका बहुत अच्छा है," तो म्हणाला. "लेकिन इस साल रहने दीजिए मांजी. अगले मौसम देखेंगे."

ती वाद घालेल असं आचलला वाटलं होतं. आयुष्यभर तिनं भाजीवाल्याशी, तलाठ्याशी, जावेशी वाद घातला. आज ती हात जोडून उठली.

बाहेर आल्यावर आचल म्हणाली, "सांगून टाकलं ते बरं केलं." आवाजात माया नव्हती. बाजारभाव सांगावा तसं म्हणाली.

"लॉजवरई सांगतो," देवकाबाई म्हणाली. "सगळ्याहिपुढं."

पण सगळे कुठं थांबलेले असतात? ट्रक निघून गेले होते. तो जरासा हसलेला माणूस आतापर्यंत कुठल्या कुठं पोचला असेल, आणि त्याच्या लेखी आचल जन्मभर तशीच पायरीवर उभी राहणार. बाकावर फक्त एक म्हातारा पेपर वाचत होता, आणि त्यालाही हिंदी येत होती की नाही, देव जाणे. तरी देवकाबाई काउंटरपाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, वो खून नहीं था. हल्दी थी. मैंने फैलाई थी."

मॅनेजर आधी समजला नाही, मग समजला तेव्हा चिडला. "बोर्ड नहीं पढ़ा? गद्दा देखना पड़ेगा." त्यानं ओमनाला हाक मारली. ती हात पुसत आली. बोटं तिची साबणानं सुरकुतलेली. चादर तिनं घासघासून पाहिली असणार. मॅनेजरनं सांगितलं ते तिला पटेना. ती मान हलवत राहिली आणि आचलकडं बोट दाखवत राहिली.

मग देवकाबाईनं थैलीतली चिमूटभर हळद तळहातावर घेतली, काउंटरशेजारच्या मोरीवरचा ओला साबण उचलला आणि चोळला. तळहात लाल झाला. ओमना वाकून पाहतच राहिली. तिनं बोटानं तो रंग चाचपला आणि एकदम खुदकन हसली. हसता हसता थांबली. आचलकडं पाहिलं, देवकाबाईकडं पाहिलं, आणि सावकाश काहीतरी विचारलं.

मॅनेजर उगाच चाव्या खिळ्यांवर नीट लावू लागला.

"क्या पूछा उसने?" देवकाबाई म्हणाली.

"छोड़ो अम्मा."

"बताओ ना."

"पूछ रही है," मॅनेजर म्हणाला, "हल्दी था तो ये बच्ची ऊपर इतना रोया क्यों?"

देवकाबाईला हे ठाऊक नव्हतं. ती आली तेव्हा आचलचे डोळे कोरडे होते. तिनं सुनेकडं पाहिलं. आचल रस्त्यावरच्या हातगाड्या पाहत होती.

"तू सांग तिले," देवकाबाई हळूच म्हणाली.

"मी नाई. तुमीच सांगा."

ओमना उभी होती. मॅनेजर भाषांतराला थांबला होता.

"मैंने रुलाया," देवकाबाई म्हणाली.

मॅनेजरनं ते सांगितलं. ओमनानं देवकाबाईच्या हातातला साबण काढून घेतला, जागेवर ठेवला, आणि बादली उचलून वर निघून गेली.