आठाची डावी बाजू

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मित्रांजवळ नाही. अन्नपूर्णेच्या मंदिरात हात जोडतो तेव्हासुद्धा मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागत राहतो — मधे रिकामी जागा राहिली तर हे वर येईल म्हणून. आता तुमच्यासमोर मांडतोय. जमेल का, ठाऊक नाही.

एका हातापासून सुरू करतो. डावा हात, कोपरात वाकवून तोंडासमोर धरलेला, जणू त्यात ढाल आहे. ढाल नव्हती. त्यावर स्टीलची सळई बसली तेव्हा जो आवाज झाला — ओली फांदी मोडल्यासारखा — तो मी दोन पावलांवरून ऐकला. हात कैलासचा होता. सळई माझ्या हातात नव्हती. पण...

थांबा. आधी काम सांगायला हवं, नाहीतर कळणार नाही.

इंदूरमध्ये हाडांच्या प्लेटा बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. हाड मोडलं की डॉक्टर स्टीलची पट्टी आत ठेवून स्क्रूनं आवळतात, ती प्लेट. स्टीलला काय धाड भरणार, असं वाटतं ना? शरीरात खारं पाणी आहे. ते धातूला सतत चावत असतं. म्हणून पॉलिश झालेली प्रत्येक प्लेट आम्ही नायट्रिक ॲसिडच्या टाकीत बुडवतो. त्यानं स्टीलवर एक कातडी धरते, डोळ्यांना न दिसणारी. ती अखंड असेल तोवर प्लेट टिकते. ओरखडली, की तिथून खारं पाणी आत शिरतं आणि स्टीलला आतून कुरतडत जातं.

ही टाकी कैलास बघायचा. इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याचा, माझ्याच वयाचा. टाकीला तो 'म्हारी भैंस' म्हणायचा. "भिया, दूर से सूँघ के बता दूँ, आज इसका मिजाज कैसा है." नुसत्या वासावर मात्र तो कधीच राहिला नाही. रोज एका नमुन्यावर मोरचुदाचं पाणी टाकायचा. तांबूस डाग उठला नाही, म्हणजे कातडी नीट धरली असली, तरच माल पुढे, आणि तसं रजिस्टरमध्ये लिहायचा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तो गावी हिंगोट खेळायला जायचा. हिंगोट म्हणजे फटाक्याची दारू ठासलेलं पोकळ रानफळ. डाव्या हातात ढाल, उजव्या हातात पेटलेला हिंगोट, आणि समोरून तसेच जळते हिंगोट अंगावर येणारे. मानेवर, दंडावर भाजल्याचे डाग होते. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे मी कधीतरी फुशारकीनं बोलून गेलो होतो. तेव्हापासून तो मला सोडत नसे. "मोरे भिया, फौजवाले खानदान के हो, एक बार मैदान में तो उतरो!"

मी कधी गेलो नाही.

आता ती चूक. प्लेटेवर लॉटचा नंबर मशीननं कोरतात, टाकीत टाकायच्या आधी. एकदा नंबर मशीनमध्ये मी घातला, आणि शेवटी आठ हवा तिथे तीन घातला. लक्षात आलं तेव्हा प्लेटा टाकीतून निघून, धुऊन, पुसून तयार होत्या. नियम साधा आहे — खोडा, पुन्हा पॉलिश करा, पुन्हा बुडवा. दोन दिवसांचं काम. पण चार दिवसांपूर्वीच अशाच चुकीसाठी एका ऑपरेटरला मी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. आता त्याच लोकांसमोर माझी चूक मांडायची? जेवणाच्या सुट्टीत मी दार लावलं, धातूवर कोरायची इलेक्ट्रिक पेन्सिल घेतली आणि बसलो. इंग्रजी तीनाला डावीकडून दोन कमानी दिल्या की आठ होतो. प्रत्येक प्लेटेवर दोन कमानी. टोक स्टीलवर किरकिरत होतं. कातडी फाडतोय हे मला कळत नव्हतं का? मीच तर नव्या लोकांना ते शिकवायचो.

वर्ष गेलं. मग एका दुपारी देपालपूरहून दोन जीप भरून माणसं आली. त्यांच्या घरातल्या बाईच्या मांडीत आमची प्लेट होती. अंगणात वाकून उठताना ती आतल्या आत तुटली. आवाज शेजारच्या खोलीत ऐकू आला म्हणे. तुटलेलं टोक मांस फाडत गेलं होतं, पुन्हा ऑपरेशन झालं होतं, पाय आखूड झाला होता. तिच्या दिरानं प्लेटेचे दोन तुकडे माझ्या टेबलावर फेकले.

मी मोठा तुकडा उचलला. तुटलेली कड आठाच्या डाव्या कमानीला लागून गेली होती. कमानीत तपकिरी खड्डे पडले होते, वाळवी लागल्यासारखे. आणि उजवी बाजू, मशीननं टाकीच्या आधी कोरलेली, स्वच्छ. आरशासारखी. तुमच्या लक्षात येतंय ना? टाकीत दोष असता तर दोन्ही बाजू सडल्या असत्या. कैलास निर्दोष होता, आणि तो पुरावा माझ्या बोटांत होता.

"किसने बनाया ये?" दीर ओरडला. "नाम बताओ, नहीं तो सब को यहीं गाड़ देंगे!"

मालक केबिनमध्ये कडी लावून बसले होते. गलका ऐकून कैलास टाकीवरून हात पुसत आला, रबरी एप्रन घातलेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "क्या हुआ, भिया?"

मी त्याच्या थोबाडीत मारली.

विचार करून मारली. नुसतं बोट दाखवलं असतं तर कुणी प्रश्न विचारला असता. मारल्यावर कोण विचारतो? "टाकी इसी की है," मी म्हणालो. "ॲसिड हलका रखा होगा." आणि मी भिंतीला टेकलो.

पुढे माझी गरज उरली नाही. त्यांनी त्याला एप्रनला धरून ओढलं, पाडलं, तोंडावर लाथा घातल्या. एकानं कटिंग मशीनजवळची सळई उचलली. ज्या स्टीलच्या आम्ही प्लेटा बनवतो, तेच स्टील. कैलासनं डावा हात वर केला, मैदानात करतो तसा. पहिल्या फटक्यात हात मोडला. तरी त्यानं तो पुन्हा वर केला, आणि मोडलेल्या जागेतून पंजा उलटा लोंबला. तोंडातून रक्त येत होतं आणि तो माझ्याकडे बघत ओरडत होता, "रजिस्टर देख लो, भिया! रजिस्टर में लिखा है!"

मी रजिस्टर बघितलं. जीप गेल्यावर मालकांनी मागवलं, तेव्हा त्यांच्याकडे नेण्याआधी तो लॉट टाकीतून निघाला त्या दिवसाचं पान मी फाडलं. नीट, शिवणीपासून. घडी घालून खिशात ठेवलं.

त्या लॉटमधल्या, दुकानांत पडून असलेल्या प्लेटा परत मागवल्या. ज्या माणसांच्या अंगात गेल्या होत्या, त्यांना कोण परत मागवणार? ती माणसं चालताहेत, जिने चढताहेत. कुठे, मला माहीत नाही.

कैलासच्या हातात प्लेट घालायची ठरली, ती आमच्याच कारखान्यातली. मी ती स्वतः निवडली, स्वतः टाकीत बुडवली, दोनदा तपासली. त्या दिवशी माझा हात जरासुद्धा चुकला नाही.

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा जबडा मोडल्यामुळे त्याचे दात तारेनं बांधलेले होते. ओठ न हलवता तो म्हणाला, "भिया, पन्ना नहीं मिला ना? फिर उस दिन भूल गया होऊँगा. मेरे से ही चूक हुई होगी." मी खुर्चीवर बसून होतो. पान त्याच पँटच्या खिशात होतं.

त्यानं नोकरी सोडली. हिंगोट खेळणंही सोडलं. तो हात ढाल पेलत नाही. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता, कित्येक वर्षांत ऐकला नव्हता तसा. "आज देपालपुर गया था, भिया. उस बाई के पाँव पकड़ के माफी माँग आया. उसने कहा, जा, माफ किया. मन हलका हो गया."

मी म्हणालो, "अच्छा किया, कैलास."



प्लेटेचा तो तुकडा माझ्या कपाटात असतो, फाडलेल्या पानात गुंडाळलेला. आत्ता लिहिताना समोर ठेवलाय. आठाची उजवी बाजू अजून चकाकते. ती कैलासच्या टाकीतून निघालेली आहे. डावी माझ्या हातची.