सूर्य मावळायच्या आत चिंतन

लॅबमध्ये चपला बाहेर काढायचा नियम होता. संध्याकाळी कुलूप लावताना एखादी चप्पल बाहेर उरलेली असायचीच. तिचा मालक अनवाणी घरी कसा गेला, हे कोणी सांगत नसे. किस्सेही असेच माझ्याकडे साठले. न्यायला कोणी आलं नाही.

मी पनवेलच्या एका कॉलेजात शिपाई होतो. गाव ओवे, शिक्षण चौथी. पण कॉम्प्युटर लॅबची किल्ली माझ्याकडे होती. प्राचार्यांनाही लॅब हवी असेल तर मला विचारावं लागे.

२०१२ च्या आसपास पदवीचा एक विषय ऑनलाइन झाला. विषय ग्राहकसेवा. धडा कॉम्प्युटरवर बघायचा. धडा संपला की खाली चौकट उघडे: 'या धड्यातून तुम्ही काय शिकलात?' तिथे शंभर शब्द लिहायचे. शंभर भरले की बटण हिरवं होई, तोवर दाबलं तरी दबत नसे. मग विषय शिकवणाऱ्या पेणकर मॅडम ते वाचून दहापैकी मार्क देत. मॅडम याला रिफ्लेक्शन म्हणत. नोटीस बोर्डावर 'चिंतन' असं लिहिलं होतं. धडे दहा. त्यातली सात चिंतनं मॅडमकडे गेली तर पास, नाहीतर नापास. घरी इंटरनेट थोड्यांकडेच होतं. म्हणून सगळे माझ्या लॅबमध्ये.

*

पहिल्याच दिवशी निखिल नावाचा मुलगा कोपऱ्यात डोळे मिटून बसला. उरणहून एसटीने यायचा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी जाऊन टेबलावर टिचकी मारली.

"काका, चिंतन चाललंय."

"घोरत?"

"खोल गेलो होतो, काका!"

*

त्याच वर्गात विजया होती. चाळिशीची, कोळ्यांची. पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. पदवीचा हा एकच विषय तिचा राहिला होता. उरणकडच्या एका गोदामात तिला क्लार्कची जागा मिळणार होती, पण निकालाचा कागद जूनच्या आत दाखवायचा होता. बारा वर्षं पहाटे उठून मासळी आणायला धक्क्यावर जात होती. ते तिला थांबवायचं होतं.

तिने पहिल्या धड्याखाली लिहिलं: 'धडा बघितला. समजला.'

बटण हिरवं झालं नाही.

मॅडम म्हणाल्या, "विजयाताई, शंभर शब्द हवेत."

"समजलं त्याला किती शब्द लागतान, मॅडम?"

मॅडम पुढच्या कॉम्प्युटरकडे वळल्या. माझ्या मते तीन पुरे होते.

*

निखिलने तिला युक्ती सांगितली. "ताई, 'समजला' हाच शब्द शंभर वेळा टाका. मशीन मोजतं, वाचत नाही."

"मशीन नाय वाचत, पण मॅडम वाचतात ना? एकदा समजलेला धडा मला शंभरदा कसा समजंल?"

दुसऱ्या धड्याखालीही तिने लिहिलं: 'समजला.' तिसऱ्याखाली लिहिलं: 'हा नाय समजला.'

*

निखिलला अशी अडचण नव्हती. दुसऱ्या कॉलेजातल्या कुणा बाईंची चिंतनं त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये होती. 'ऐकून घेण्याची कला' या धड्यावर त्याने लिहिलं, की हा धडा पाहिल्यापासून मी सासूबाईंचं बोलणं मध्येच तोडत नाही आणि घरातली भांडणं कमी झाली आहेत.

मॅडमनी त्याला उभं केलं. "निखिल, लग्न कधी झालं तुझं?"

"नाही झालं, मॅडम."

"मग या सासूबाई कोण?"

निखिलने विचार केला. खरं चिंतन त्याने तेवढंच केलं असेल. "मॅडम, आधीपासून तयारी असलेली बरी."

*

पेणकर मॅडम पनवेलच्या जुन्या ज्यू घरातल्या. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू. मग शनिवार संपेपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावत नसत, फोनलाही नाही. म्हणून नियम होता: आठवड्याचं चिंतन शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत. मला हा नियम आवडला. घड्याळं मागेपुढे असतात.

एका शुक्रवारी निखिलचं चिंतन राहिलं. त्याने उरणच्या किनाऱ्यावरून सूर्याचा फोटो काढून ईमेल केला. खाली लिहिलं, 'मॅडम, आमच्याकडे अजून अर्धा आहे. प्लीज ॲक्सेप्ट करा.'

मॅडमनी रविवारी उत्तर पाठवलं. 'फोटो मिळाला. अर्धा सूर्य, अर्धे मार्क.'

*

एकदा निखिल माझ्या टेबलाशी आला. पेन ड्राइव्ह बिघडला होता. "काका, मी या आठवड्यात काय शिकलो असेन?"

मी म्हटलं, "काही नाही. रोज उशिरा येतोस. खुर्ची आत सरकवत नाहीस. काल पंखा चालू ठेवून गेलास."

त्याने तेच वाढवून शंभर शब्द केले. मॅडमनी दहापैकी नऊ दिले. शेरा: 'प्रथमच प्रामाणिक लेखन.'

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे रांग! "काका, माझं पण सांगा ना."

"मी शिपाई आहे. ज्योतिषी नाही. चला."

रांगेत विजया नव्हती. ती कोपऱ्यात बसून सातवा धडा बघत होती. पुन्हा तेच लिहिलं. बटण पुन्हा हललं नाही.

*

तेव्हा दुपारचं लोडशेडिंग होतं. एका मुलीचे ब्याण्णव शब्द झाले आणि वीज गेली. सगळं पुसलं. वीज आल्यावर मी म्हटलं, "लिही पुन्हा."

"काका, आता आठवत नाही मी काय शिकले ते."

ही गोष्ट मी मॅडमना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मी वर लिहून कळवायला हवं."

*

शेवटचा शुक्रवार आला. मागची राहिलेली चिंतनंही त्या दिवशी चालणार होती, कारण संध्याकाळी मॅडमची यादी विद्यापीठात जायची होती. शनिवारी पोर्टल बंद. दहा धड्यांपैकी विजयाचं एकही चिंतन गेलं नव्हतं. सात हवी होती.

ती सकाळी दहाला आली. बाजार बंद ठेवून आली होती. कॉम्प्युटरसमोर बसली आणि बसूनच राहिली.

मी म्हटलं, "काय गो विजे, लिव ना कायतरी. सगले लिवतान."

"काका, जे झालंच नाय ते तुमी लिवाल काय?"

मी तिच्यावरचा पंखा लावून दिला.

मॅडम खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "विजयाताई, समजलं ते लिहूच नका. बाजारात वापरून बघितलंत का यातलं काही?"

"बघितलं ना. दर आठवड्याला."

"मग काय झालं?"

"फसलं."

"तेच लिहा."

विजयाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "फसलेलं चालतं?"

"चालतं."

"मग शंभर कमी पडतील, मॅडम!"

ती एका बोटाने लिहायची. वाकून अक्षर शोधायची, दाबायची, पुन्हा शोधायची. बारा वाजेपर्यंत दोन गेली. दुपारी वीज गेली, तेव्हा तिने कागदावर लिहिलं. पाच वाजता सहा झाली. साडेपाचला माझी लॅब बंद होई. मी कुलूप हातात घेऊन दारात उभा राहिलो. मॅडम एकदा खिडकीकडे बघत, एकदा पडद्याकडे. त्यांना सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन शब्बाथचे दिवे लावायचे होते. तरी खुर्चीवरून उठल्या नाहीत.

उन्हाची तिरीप भिंतीवर चढत गेली आणि पंख्यापाशी पोचली, तेव्हा सातवं बटण हिरवं झालं. विजयाने ते दाबलं. मॅडमनी घाईघाईने वाचायला घेतलं. मग घाई सोडून दिली आणि मोठ्याने वाचलं. मला ते अजून पाठ आहे.

'धडा नववा. नाराज गिऱ्हाईक. धड्यात सांगितलं, गिऱ्हाईक कुरकुरलं तर आपण आवाज चढवायचा नाय. गोड बोलायचं. राणेबाई माझ्याकडं बारा वर्षं येतात. परवा बोलल्या, विजे, आज पापलेट बारीक दिसतंय. मी आवाज चढवला नाय. बोलले, ताई, आपली अडचण मी समजू शकते. राणेबाईंनी हातातलं पापलेट खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मग त्याचे कल्ले उघडून बघितले. बोलल्या, खरं सांग, शिळं आहे ना? मी बोलले, नाय ताई, आपला विश्वास आमच्यासाठी मोलाचा हाय. राणेबाईंनी पिशवी उचलली आणि चालायला लागल्या. मी मागून वरडले, अगो ए, बारा वर्षं माझं म्हावरं खातेस, कधी मेलीस काय? घेयाचं तर घे, नायतर पाटीपुढून सर! राणेबाई परत आल्या. बोलल्या, हां, आता बरं वाटलं. दोन जोड्या घेतल्या.'