विचारून वापरलेली वाट

क्लिफर्ड ऑग्डन विजेच्या खांबाला धडकला तरी खांबाची माफी मागायचा. थॉर्नक्लफ गावात माफी सगळेच मागतात, पण ती नुसती तोंडानं. क्लिफर्ड टोपीही काढायचा. लोकरीच्या गिरणीत माग दुरुस्त करणारा जॉबर होता, तेव्हा बिघडलेल्या मागापाशी जाऊन आधी विणकरीणबाईला विचारायचा, "येऊ का जवळ?" माग बंद, बाईची मजुरी बुडतीय आणि हा पाना हातात धरून उभा. "आरं ये की मेल्या!" असं ती ओरडल्याशिवाय पठ्ठ्या पुढं सरकायचा नाही.

त्याचं घर डोंगराच्या उतारावर, नॉर्मा थ्रेलफॉलच्या घराच्या बरोब्बर मागं. रस्त्यावरून त्याच्या दारात जायचं तर नॉर्माच्या अंगणातून. दुसरी वाट नाही. मागं दगडी गडगा आणि गडग्यापलीकडं दुसऱ्याच्या मेंढ्या. लग्न करून या घरात राहायला आला त्या दिवसापासून तो अंगणाच्या फाटकातून हात लांब करायचा, नॉर्माच्या स्वयंपाकघराच्या काचेवर बोटानं टकटक करायचा आणि विचारायचा, "नॉर्माताई, अंगणातून जाऊ का?"

"जा की रं बाबा. घर तुजंच हाय तिकडं."

वर्तमानपत्र आणायला जाताना, आणून येताना, शुक्रवारी तळलेला मासा घेऊन येताना, दर खेपेला. त्याची बायको ऑड्रे वारली, तेव्हा तिची शवपेटी बाहेर काढतानाही यानं खांदेकऱ्यांना अंगणाच्या कडेला थांबवलं आणि काचेवर टकटक केली. नॉर्मा आत नव्हतीच. काळा कोट घालून पेटीच्या मागंच उभी होती. बिचारी लोकांना वळसा घालून घरात गेली, काचेआडून "जा" म्हणाली आणि परत येऊन रडायला लागली.

पुढं क्लिफर्डचे गुडघे गेले. चढ चढताना त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. फायली नावाच्या गावी समुद्राकाठी एका दातांच्या डॉक्टरची विधवा तिचं बैठं घर विकत होती. जिना नाही, चढ नाही, फाटकापासून दारापर्यंत सपाट. क्लिफर्डचा जीव त्या घरात अडकला. पण बाई म्हणाली, मे संपेपर्यंत थांबेन, मग दुसऱ्याला देईन. तोवर स्वतःचं घर विकून मोकळं व्हायला हवं होतं. लीड्सचं एक तरुण जोडपं घर बघून गेलं आणि हो म्हणालं. आता राहिला वकील.

गावानं सल्ला दिला. फी ठरलेली आहे का विचार. कागद वकील स्वतः बघणार की कारकुनाच्या गळ्यात घालणार, ते विचार. फोन उचलतात का, तेही विचार. क्लिफर्ड तालुक्याच्या गावात जाऊन दारोदार फिरला, पण असलं विचारणं म्हणजे समोरच्याच्या धंद्यावर संशय घेणं, म्हणून त्यानं काहीच विचारलं नाही. दोन कचेऱ्यांच्या दारावर 'आत या' अशी पाटी होती. छापील निमंत्रणावर त्याचा विश्वास नव्हता. मिस टॅटरसॉलच्या दारात मात्र त्यानं "आत येऊ का?" म्हटलं आणि आतून खरोखरीचं "या" आलं. वकील ठरला.

मिस टॅटरसॉलनी नकाशा उलगडला. "ऑग्डनसाहेब, लीड्सवाल्यांचा वकील विचारतोय, तुम्ही घरात जाता कुठून?"

"दारातनं."

"दारापर्यंत कसे जाता? अंगण तर थ्रेलफॉलबाईंचं आहे, आणि तुमच्या खरेदीखतात वाटेचा उल्लेखच नाही. तरी घाबरू नका. वीस वर्षं एखादी वाट उघडपणे वापरली की हक्क तयार होतो. तुम्हाला कधी कुणी अडवलं?"

"छ्या! कोन आडवंल?"

"लपूनछपून गेलात?"

"म्या? कवाच न्हाई."

"छान. आणि कधी परवानगी मागितली?"

क्लिफर्ड ताठ झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या चांगुलपणाची कुणी चौकशी करत होतं.

"रोज," तो म्हणाला. "जाताना येकदा, येताना येकदा. इसरलो तर परत फाटकापतुर जाऊन इचारलंय."

मिस टॅटरसॉलनी पेन खाली ठेवलं. "अहो, विचारून गेलात तर ती शेजारणीची मेहेरबानी झाली. मेहेरबानीतून हक्क कसा तयार होणार? वीस वर्षं जरा उद्धटपणा केला असता, तर आज वाट तुमची होती!"

"म्हंजी दांडगाई करायची हुती?"

"दांडगाई नाही. चोरून नाही आणि विचारूनही नाही. नुसतं चालायचं!"

क्लिफर्डनं टोपी काढून त्यांची माफी मागितली.

मग बाईंनी दोन तोडगे सांगितले. एक, थ्रेलफॉलबाईंनी वाटेचा हक्क दस्त करून लिहून द्यायचा. पण त्या नाही म्हणाल्या तर सगळंच बुडालं. दुसरा, विमा काढायचा. पुढंमागं कुणी वाट अडवली तर विमा कंपनी भरपाई देणार. लीड्सवाले त्यावर तयार होते.

"फक्त एक अट आहे," मिस टॅटरसॉल म्हणाल्या. "या वाटेबद्दल शेजारणीशी चकार शब्द काढायचा नाही. काढलात की कंपनी विमा देणार नाही."

"मंग घरी जाताना इचारू कसं?"

"विचारायचंच नाही!"

क्लिफर्डनं विमा निवडला आणि फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात मासा. काचेकडं बघावं तर बोट आपोआप वर यायचं. न विचारता पाऊल टाकावं तर पाऊल उचलेना. मासा गार झाला. शेवटी तो मागं फिरला, मेंढ्यांच्या मालकाच्या घरी जाऊन त्याच्या रानातून जाऊ का म्हणून विचारलं, डोंगराला वळसा घातला आणि गडगा चढून मागच्या बाजूनं स्वतःच्या घरात उतरला. मग तसंच रोज. गुडघ्यांनी बोंब ठोकली.

एका सकाळी नॉर्मा वाळत घातलेल्या चादरी झटकत होती, तर क्लिफर्ड गडग्यावर घोड्यावर बसल्यासारखा दोन्हीकडं पाय टाकून अडकलेला. पलीकडून एक मेंढा त्याच्या विजारीचं टोक चघळत होता.

"क्लिफर्ड! काय करतुयास रं तितं?"

"काय न्हाई, नॉर्माताई. हवा बरी हाय."

"गडग्यावर बसून? काचंवर टकटक न्हाई का काय न्हाई. म्या मेले का जित्ती हाय, ह्ये तरी बघायचं हुतंस."

"वकीलबाईनं सांगितलंय, बोलायचं न्हाई."

"कशाबद्दल?"

"त्येच बोलायचं न्हाई."

"कुनाशी?"

"तुमच्याशी."

नॉर्मानं चादर टोपलीत आपटली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडं हात केला. तिथं 'घर विकणे आहे' असा फलक ठोकलेला होता. "आन् ह्ये? आंगन माजं, फलक तुजा. ह्यो ठोकताना कुनाला इचारलंस?"

क्लिफर्डचा चेहरा दुधासारखा पांढरा पडला. फलक दलालाच्या माणसानं ठोकला होता. उभ्या आयुष्यात क्लिफर्डच्या नावावर न विचारता झालेली ही पहिली गोष्ट.

"पावासाठी भाईर जाताना इचारतोस," नॉर्मा म्हणाली, "आन् कायमचा निघालास तवा ह्या फलकाकडनं कळतंय व्हय मला?"

मेंढ्यानं हिसका दिला. क्लिफर्डच्या डोळ्यांपुढं फायलीचं सपाट घर आलं, विमा आला, मिस टॅटरसॉल आल्या. मग त्यानं टोपी काढली.

"नॉर्माताई, घर इकून फायलीला जाऊ का? आन् नव्या मानसांस्नी तुमच्या आंगनातल्या वाटंचा हक्क लिवून द्याल का?"

विमा तिथंच मेला.

"आदी खाली उतर," नॉर्मा म्हणाली. "मेंढा इजार खाईल."

सही करायला ती तयार झाली, पण अट घातली की नव्या माणसांनीही विचारून जायचं. मिस टॅटरसॉल म्हणाल्या, विचारावं लागतं तो हक्क कसला? नॉर्मा म्हणाली, मग सही कसली? दोघींची तासभर जुंपली आणि दस्तात शेवटी असं आलं की जाणाऱ्यानं विचारायचं नाही, फक्त काचेवर टकटक करायची. त्यावर लीड्सवाल्यांच्या वकिलानं विचारणा केली, की टकटक एका बोटानं की दोन, पाव्हण्यांनाही लागू का, आणि शेजारीण झोपली असेल तर काय? नॉर्मानं उत्तर धाडलं, "झोपले तर उठंन." मे संपायच्या आत घर विकलं गेलं.

फायलीच्या घराला फाटक स्वतःचं, वाट स्वतःची, दार स्वतःचं. पहिल्या सकाळी क्लिफर्ड टोपी घालून निघाला, फाटकाशी घुटमळला, शेवटी शेजारच्या घरी गेला आणि त्यानं काचेवर टकटक केली.

"भाईर जाऊ का?"

शेजारी कस्टममधून रिटायर झालेला गृहस्थ. "रस्ता तुमचाच आहे," तो म्हणाला.

"तरीबी."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग शेजाऱ्याच्या वकिलाचं पत्र आलं. आमच्या अशिलाच्या मालमत्तेच्या नेमक्या कोणत्या भागातून जाण्याचा हक्क आपण सांगत आहात, याचा त्वरित खुलासा करावा.

क्लिफर्डनं पत्र दोनदा वाचलं, टोपी घातली आणि उत्तर पाठवू का, हे विचारायला शेजाऱ्याकडं गेला.