बंदूकवाल्याची मुलगी

वागळे इस्टेटमधल्या एका बँकेच्या दारात तो रखवालदार दुनळी बंदूक घेऊन बसायचा. ऑफिसच्या कामाला मी तिथे रोज जायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. बंदूक त्याची स्वतःची, परवान्याची. ड्युटी संपली की घरी न्यायचा.

एका दुपारी त्याची सात-आठ वर्षांची मुलगी आईबरोबर डबा घेऊन आली आणि लांबच उभी राहिली. मी पुढे निघालो तर म्हणाली, "काका, थांबा ना. पप्पांनी अजून दाखवली नाही."

त्याने बंदूक मधून उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली आणि रिकामी बंदूक तिला लांबूनच दाखवली. तेव्हा कुठे ती धावत येऊन त्याला बिलगली.

"घरी बंदूक कुलपात असते, काडतुसं वेगळी," तो मला म्हणाला. "पण एखाद दिवशी कुलूप लावायला मीच विसरलो तर? म्हणून तिला पण शिकवलंय, रिकामी बघितल्याशिवाय बंदुकीजवळ यायचं नाही."

त्याचं बरोबरच होतं. मी मान डोलावली. तरी ऑफिसला परतताना मला कळेना, आपल्याला बरं वाटलं की वाईट. एवढीशी पोर, बाप दिसल्यावर त्याच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या हातांकडे बघत होती.